युरोपातील अल्पसंख्याकांचे फुटबॉल संघ

युरोपात स्वतःची भाषा किंवा वांशिक ओळख असलेले, पण राहत्या देशात संख्येने थोडे असलेले अनेक समाज आहेत. त्यांच्या नावाने मैदानात उतरणारे हे फुटबॉल संघ. जर्मनीतील सोर्ब, स्वित्झर्लंडमधील रोमान्श, इटलीच्या दक्षिण टिरोलमधील जर्मनभाषक, ऑस्ट्रियातील स्लोव्हेन, फ्रान्समधील ब्रेताँ व ऑक्सितान, स्पेनमधील बास्क, अतिउत्तरेकडील सामी आणि खंडभर विखुरलेले रोमा ही यांतली ठळक नावे. जागतिक 'फिफा' आणि युरोपीय 'यूएफा' या महासंघांचे हे संघ सभासद नाहीत. त्यामुळे विश्वचषकाच्या किंवा युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीत ते दिसत नाहीत. त्यांच्यासाठी २००८ पासून 'युरोपियादा' ही वेगळी स्पर्धा भरते. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या 'कोनिफा' या संघटनेच्या स्पर्धांतही यांतले काही संघ खेळतात. बास्क व कॅटलान संघ या दोन्हींहून कितीतरी जुने आहेत आणि नामवंत व्यावसायिक खेळाडू घेऊन मैत्रीपूर्ण सामने खेळतात.

मराठीत 'अल्पसंख्याक' म्हटले की आधी धर्म डोळ्यांसमोर येतो. इथे तो शब्द भाषेच्या आणि वंशाच्या अर्थाने घ्यायचा आहे, आणि त्यातही दोन प्रकार पडतात. सोर्ब, रोमान्श, सामी, बास्क, ब्रेताँ यांचे स्वतःचे राष्ट्र कुठेच नाही. त्यांची भाषा जिथे बोलली जाते तिथे ती थोड्यांचीच आहे. दक्षिण टिरोलचे जर्मनभाषक, स्लोव्हाकिया, रुमानिया व युक्रेनमधील हंगेरियन, जर्मनीतील डॅनिश लोक यांची गोष्ट निराळी. त्यांच्या भाषेचे राष्ट्र शेजारीच आहे, पण ते स्वतः सीमेच्या अलीकडे राहिले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य मोडले आणि १९१९-२० च्या तहांनी नव्या सीमा आखल्या, तेव्हा लाखो माणसे आपल्या गावातून न हलता परदेशी झाली. आजचे बरेचसे अल्पसंख्याक संघ त्याच सीमारेषांच्या आसपासचे आहेत.

वेल्स आत, ब्रिटनी बाहेर

फुटबॉलच्या नकाशावर कोणाला जागा मिळते हे भाषेवर किंवा लोकसंख्येवर ठरलेले नाही. वेल्श आणि ब्रेताँ या केल्टिक कुळातल्या सख्ख्या भाषा. वेल्स ब्रिटनचा, तर ब्रेताँ लोकांचा ब्रिटनी हा प्रदेश फ्रान्सचा भाग आहे आणि दोघांच्या गौरवगीतांची चालही एकच आहे. तरी वेल्स १९५८ आणि २०२२ चे विश्वचषक खेळला, आणि ब्रिटनीच्या वाट्याला अधूनमधून मैत्रीपूर्ण सामने आले. कारण इतकेच की वेल्सची फुटबॉल संघटना १८७६ मध्ये स्थापन झाली आणि फिफा १९०४ मध्ये. आंतरराष्ट्रीय फुटबॉलची सुरुवातच ब्रिटनमधल्या चार संघांनी केली होती, म्हणून ते चौघे वेगळे राहिले. फ्रान्समध्ये तसे काही घडले नव्हते. ब्रिटनीच्या संघाने मे १९९८ मध्ये रेन शहरात कॅमेरूनशी १-१ अशी बरोबरी केली. कॅमेरून तेव्हा फ्रान्समधल्या विश्वचषकाच्या तयारीत होता. कोर्सिका बेटाच्या संघाने तर फेब्रुवारी १९६७ मध्ये मार्सेय येथे खुद्द फ्रान्सच्या संघाला २-० असे हरवले. त्या विजयाने बेटाला कौतुक मिळाले, सभासदत्व मिळाले नाही.

डेन्मार्कच्या अखत्यारीतील फॅरो बेटांना मात्र ते मिळाले: फिफाचे १९८८ मध्ये आणि यूएफाचे १९९० मध्ये. तेव्हा बेटांची लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत होती आणि तिथे गवताचे एकही योग्य मैदान नव्हते. म्हणून त्यांचा पहिला 'घरचा' पात्रता सामना १२ सप्टेंबर १९९० रोजी स्वीडनमधील लांडस्क्रोना येथे झाला. त्यांनी ऑस्ट्रियाला १-० असे हरवले. पुढे यूएफाने नियम बदलला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बहुसंख्य सदस्यांनी स्वतंत्र देश मानलेल्या भूभागाच्या संघटनेलाच आता प्रवेश मिळतो. जिब्राल्टरचा अर्ज या बदलाच्या आधीचा होता. म्हणून क्रीडा लवादापर्यंत भांडून त्याला २०१३ मध्ये आत येता आले. इतरांसाठी दार जवळपास बंद झाले आहे. बास्क महासंघाने डिसेंबर २०२० मध्ये फिफा आणि यूएफा या दोन्हींकडे मान्यता मागितली, तीही या नियमाच्या भिंतीसमोर उभे राहूनच.

बास्क संघ

या विषयातले सर्वांत हृद्य प्रकरण बास्क संघाचे आहे. जानेवारी १९१५ मध्ये बिल्बाओच्या सान मामेस मैदानावर बास्क संघाचा पूर्वज असलेल्या 'उत्तर' संघाने कॅटलोनियाला ६-१ असे हरवले होते, पण या संघाला खरा अर्थ आला तो स्पेनच्या यादवी युद्धात. बास्क प्रांताच्या स्वायत्त सरकारचे प्रमुख होसे आंतोनियो आगिर्रे हे स्वतः एकेकाळी अ‍ॅथलेटिक बिल्बाओकडून खेळलेले. १९३७ च्या वसंतात त्यांच्या सरकारने आघाडीचे खेळाडू एकत्र करून 'एउस्कादी' (बास्क भूमीचे बास्क नाव) या नावाने परदेश दौऱ्यावर पाठवले. निर्वासितांसाठी पैसा उभा करायचा आणि बास्क लोकांवर काय ओढवले आहे ते जगाला सांगायचे, असा दुहेरी हेतू होता. इसिद्रो लांगारा, लुईस रेगेइरो, गियेर्मो गोरोस्तिसा हे स्पेनच्या राष्ट्रीय संघातले मोहरे त्यात होते.

२६ एप्रिल १९३७ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी रेसिंग क्लबला ३-० असे हरवले. तिन्ही गोल लांगाराचे. त्याच दिवशी दुपारी जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका या बास्क गावावर बाँबफेक करून ते जाळून टाकले. आपल्या लोकांची नावे छातीवर घेऊन खेळणाऱ्या त्या मुलांना घरची ही बातमी परक्या शहरात कळली. जूनच्या मध्याला संघ मॉस्कोला पोचला आणि तीनच दिवसांनी, १९ जूनला, बिल्बाओ बंडखोर सेनानी फ्रँकोच्या सैन्याच्या हाती पडले. ज्या सरकारने संघ पाठवला त्याची राजधानीच उरली नव्हती, तरी दौरा थांबला नाही. सोव्हिएत संघात त्यांनी बहुतेक सामने जिंकले. स्पार्टाक मॉस्कोने मात्र त्यांना ६-२ असे हरवले. गोरोस्तिसा पुढे फ्रँकोच्या स्पेनमध्ये परतला. बाकीचे बहुतेक अटलांटिक ओलांडून गेले आणि १९३८-३९ चा मेक्सिकोतील लीग हंगाम 'एउस्कादी' नावानेच खेळून दुसरे आले. युद्ध संपले तेव्हा परतायला देश उरला नव्हता. खेळाडू लॅटिन अमेरिकेतल्या क्लबांत विखुरले. लांगाराने १९३९ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या सान लोरेन्सोकडून पहिल्याच सामन्यात रिव्हर प्लेटवर चार गोल चढवले.

फ्रँकोच्या राजवटीत बास्क भाषेला सार्वजनिक जीवनात जागा नव्हती आणि इकुर्रिन्या हा बास्क ध्वज फडकवणे गुन्हा होता. फ्रँको वारल्यावर वर्षभराने, ५ डिसेंबर १९७६ रोजी, सान सेबास्तियानच्या आतोचा मैदानावर रेआल सोसिएदाद आणि अ‍ॅथलेटिक बिल्बाओ समोरासमोर आले. ध्वजावरची बंदी तेव्हाही उठली नव्हती. रेआलचा कर्णधार इनाक्सियो कोर्ताबार्रिया आणि अ‍ॅथलेटिकचा गोलरक्षक होसे आंखेल इरिबार यांनी हा ध्वज दोन टोकांना धरून मैदानात आणला. तो एका खेळाडूच्या बहिणीने घरी शिवला होता. पुढच्याच महिन्यात ध्वजाला कायदेशीर मान्यता मिळाली. १९७९ च्या ऑगस्टमध्ये बास्क संघ पुन्हा उभा राहिला आणि सान मामेसवर त्याने आयर्लंडला ४-१ असे हरवले. आज हा संघ बहुधा नाताळच्या सुट्टीत वा आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या आठवड्यांत खेळतो. अ‍ॅथलेटिक बिल्बाओ फक्त बास्क खेळाडूच घेतो, त्यामुळे एका अर्थी बास्क संघ स्पेनच्या अव्वल लीगमध्ये दर आठवड्याला उतरतोच, असे अनेक बास्क लोक मानतात. कॅटलान संघाचीही रीत अशीच. योहान क्रॉइफ २००९ ते २०१३ या काळात त्याचे प्रशिक्षक होते आणि त्यांच्या पहिल्या सामन्यात कॅम्प नोउवर कॅटलोनियाने अर्जेंटिनाला ४-२ असे हरवले.

बिनमान्यतेच्या स्पर्धा

फिफाबाहेरच्या संघांना एकत्र आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न २००३ मध्ये स्थापन झालेल्या 'एनएफ-बोर्ड'चा. त्याने भरवलेल्या 'विवा' विश्वचषकाची सुरुवात २००६ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये झाली. अंतिम सामन्यात सामी लोकांच्या साप्मी संघाने मोनॅकोवर २१-१ असा विजय मिळवला. सामी हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चार देशांत विभागलेले मूलनिवासी, रेनडिअर पाळणारा समाज म्हणून जगाला माहीत. एरवी चार वेगवेगळ्या राष्ट्रीय महासंघांखाली खेळणारी ही मुले एका जर्सीत प्रथमच जगासमोर जिंकली. म्हणून त्या बेसुमार धावफलकाला त्यांच्या लेखी मोल आहे.

विवा स्पर्धा २०१२ नंतर थांबली. तिची जागा घेणाऱ्या कोनिफाचे पहिले अध्यक्ष पेर-आंदेर्स ब्लिंड हेही सामीच. २०१४ मध्ये स्वीडनमधील एस्टरसुंड येथे साप्मीच्या यजमानपदाखाली तिचा पहिला विश्वचषक झाला आणि तो नीस परगण्याच्या संघाने जिंकला. कोनिफात मात्र फार निरनिराळ्या संघांची गर्दी आहे. सामींसारखे मूलनिवासी, आबखाझिया व दक्षिण ओसेशियासारखे मान्यता नसलेले पण प्रत्यक्ष सत्ता चालवणारे प्रदेश, निर्वासितांचे संघ, बेटे, सगळे एका छत्राखाली येतात. उत्तर इटलीतील एका राजकीय पक्षाच्या कल्पनेतून आलेला पदानिया संघ विवा आणि कोनिफा मिळून अनेक करंडक जिंकला, पण त्याला भाषिक अल्पसंख्याकांच्या रांगेत बसवणे चुकीचे ठरेल. ज्याची भाषा शाळेतून हद्दपार झाली तो समाज आणि जो स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता मागतो तो प्रदेश, यांचे प्रश्न एक नाहीत. कोनिफाला ही गल्लत वारंवार भोवली आहे.

त्याचा सर्वांत कडू अनुभव कारपातॉल्या संघाला आला. युक्रेनच्या पश्चिम टोकाचा हा प्रदेश १९१८ पर्यंत हंगेरीत होता. मग तो चेकोस्लोव्हाकियात, पुन्हा हंगेरीत, सोव्हिएत संघात आणि १९९१ पासून युक्रेनमध्ये आला. तिथल्या हंगेरियनभाषकांचा हा संघ २०१८ च्या लंडनमधील कोनिफा विश्वचषकात मूळ यादीत नव्हता. स्लोव्हाकियातील हंगेरियनांच्या फेल्विदेक संघाने माघार घेतल्यावर त्याला बोलावले गेले. ९ जून २०१८ रोजी एन्फील्ड येथे अंतिम सामना गोलशून्य सुटला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये कारपातॉल्याने उत्तर सायप्रसला ३-२ असे हरवले. बदली म्हणून आलेला संघ विजेता झाला. पण युक्रेनमध्ये २०१७ च्या शिक्षण कायद्यावरून हंगेरियन शाळांचा वाद पेटलेला होता. क्रीडामंत्र्यांनी या खेळाडूंची सुरक्षा यंत्रणेकडून चौकशी व्हावी अशी जाहीर मागणी केली आणि युक्रेनच्या महासंघाने त्यांच्यावर बंदी घातली. करंडक घेऊन गावी परतायचे होते, त्यांना देशद्रोहाचा संशय सोसावा लागला.

युरोपियादा

युरोपियादाची मांडणी या पार्श्वभूमीवर अधिक शहाणपणाची वाटते. ती भरवते 'युरोपीय राष्ट्रिकांचा संघीय महासंघ' म्हणजे 'फ्युएन' ही संस्था. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत युरोपभरच्या अल्पसंख्याकांच्या शंभराहून अधिक संघटना आहेत. ती स्वतंत्र राज्यांची मागणी करत नाही. भाषा, शाळा आणि प्रतिनिधित्व यांचे हक्क मागते. म्हणूनच स्पर्धेत येणाऱ्या संघाकडे संशयाने पाहण्याचे कारण कोणत्याही सरकारला सहसा उरत नाही. संघ निवडण्याचे काम त्या त्या समाजाच्या संघटनेकडे असते. खेळाडू बहुतेक हौशी असतात: शिक्षक, सुतार, विद्यार्थी, शेतकरी. युरो स्पर्धेच्याच वर्षी, त्याच दिवसांच्या आसपास, एखादा अल्पसंख्याक समाज यजमान होतो आणि पाहुण्यांना आपला मुलूख दाखवतो.

पहिली स्पर्धा २००८ मध्ये स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात रोमान्श लोकांनी भरवली. १७ संघ आले. रोमान्श ही १९३८ च्या जनमतापासून स्वित्झर्लंडची राष्ट्रीय भाषा असली तरी ती दऱ्याखोऱ्यांत पाच लिखित बोलींत वाटली गेली आहे. सर्वांना चालेल असे एकच लेखी रूप १९८२ मध्ये तयार झाले आणि त्यावर आजही वाद होतो. असा समाज एक संघ काढतो तेव्हा वेगवेगळ्या बोली बोलणारी मुले एका जर्सीत येतात.

दुसरी स्पर्धा २०१२ मध्ये पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स प्रदेशात झाली. यजमान सोर्ब होते. 'दोमोविना' या त्यांच्या संघटनेचे ते शताब्दी वर्ष. सोर्ब हे स्लाव्ह कुळातले, सुमारे साठ हजार. चहूबाजूंनी जर्मन भाषेने वेढलेल्या त्यांच्या दोन भाषा, ऊर्ध्व (अप्पर) सोर्बियन आणि निम्न (लोअर) सोर्बियन, हजार वर्षांहून अधिक काळ टिकून आहेत. नात्सी राजवटीने १९३७ मध्ये दोमोविनावर बंदी घातली. पुढे पूर्व जर्मनीच्या काळात दगडी कोळशाहून हलक्या लिग्नाइटच्या उघड्या खाणींसाठी सोर्बांच्या मुलखातली कितीतरी गावे खोदून नाहीशी झाली, आणि गाव मोडले की तिथली बोली विखुरली. बाउत्सेन शहरात पाटीवर दोन नावे असतात, दुसरे बुदिशिन. तिथल्या मैदानांवर १९ संघ खेळले आणि गावागावांतल्या सोर्ब घरांनी पाहुण्यांचे स्वागत केले.

पहिल्या तिन्ही स्पर्धांत पुरुषांचे विजेतेपद दक्षिण टिरोलने जिंकले. या प्रदेशाची लोकसंख्या आणि समृद्धी पाहता त्यात नवल नाही. तिथले फुटबॉल चांगले संघटित आहे आणि बोल्झानोचा एफसी स्युडटिरोल हा क्लब २०२२ पासून इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळतो. पण याच प्रदेशात फॅसिस्ट काळात जर्मन शाळा बंद होत्या, गावांची आणि माणसांची नावे इटालियन केली गेली होती आणि मुले घरांच्या तळमजल्यांत व गोठ्यांत चोरून जर्मन शिकत. आजची स्वायत्तता १९७२ च्या कायद्याने आली. २०१६ ची स्पर्धा याच प्रदेशात झाली. पुरुषांचे २४ संघ आले आणि प्रथमच महिलांचीही स्पर्धा झाली, सहा संघांची.

२०२० ची स्पर्धा दक्षिण ऑस्ट्रियातल्या कारिंथियात स्लोव्हेन लोकांकडे होती; कोरोनामुळे ती २०२२ मध्ये झाली. कारिंथियातल्या स्लोव्हेनांचा इतिहास पाट्यांतून सांगता येतो. ऑस्ट्रियाला पुन्हा सार्वभौम करणाऱ्या १९५५ च्या राज्य तहाच्या सातव्या कलमाने त्यांना दुभाषी गावपाट्यांचा हक्क दिला. १९७२ मध्ये त्या लावल्या तेव्हा जमावांनी रात्रीतून उखडून टाकल्या. वाद मिटायला २०११ उजाडले आणि १६४ गावांवर समझोता झाला. क्लागेनफुर्टमध्ये, म्हणजे स्लोव्हेनांच्या त्सेलोवेत्समध्ये, 'स्लोव्हेन्स्की अ‍ॅटलेट्स्की क्लुब' हा त्यांचा क्लब १९७० पासून आहे. पाट्या उखडल्या जात होत्या त्या काळातही क्लबाचे स्लोव्हेन नाव मैदानावर पुकारले जात होते.

२०२४ ची स्पर्धा डेन्मार्क-जर्मनी सीमेवर चार यजमानांनी मिळून भरवली: जर्मनीतील डॅनिश, डेन्मार्कमधील जर्मन, उत्तर फ्रिजियन आणि सिंती-रोमा. ही सीमा १९२० च्या जनमताने ठरली. १९५५ च्या बॉन व कोपनहेगन जाहीरनाम्यांनी दोन्ही बाजूंच्या अल्पसंख्याकांना हमी दिली आणि एक मोठे तत्त्व लिहून ठेवले: मी अमुक समाजाचा आहे असे म्हणण्यास माणूस मोकळा आहे, आणि अधिकाऱ्यांनी ते तपासायचे नाही. कोणत्या खेळाडूने कोणत्या संघातून खेळावे या अवघड प्रश्नाचे याहून चांगले उत्तर अजून कोणी दिलेले नाही. मिश्र विवाह झालेल्या घरांतून आलेल्या मुलांना तर दोन्हीकडची दारे उघडी असतात.

रोमा

रोमा हा युरोपातला सर्वांत मोठा अल्पसंख्याक समाज. संख्या एक कोटीच्या आसपास असावी असा अंदाज केला जातो. २०१२ च्या युरोपियादात हंगेरीतील रोमांचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला. मराठी वाचकाला या संघाशी जवळचे नाते सापडेल. रोमानी ही मराठीप्रमाणेच भारतीय-आर्य भाषा आहे. पाणी म्हणजे 'पानी', कान म्हणजे 'कान', दात म्हणजे 'दांद', दोन-तीन-चार-पाच म्हणजे 'दुय, त्रिन, श्तार, पांज'. भाषेला ते 'चिब' म्हणतात, म्हणजे आपली जीभ. हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघालेल्या लोकांच्या तोंडी हे शब्द राहिले. वाटेत गुलामगिरी आणि नात्सींचा नरसंहारही त्यांनी सोसला. एरवी बातम्यांत गुन्हा किंवा दारिद्र्य याच संदर्भात येणारे नाव जर्सीवर झळकते, ही रोमा मुलांसाठी लहान गोष्ट नसावी.

क्लब

निवडक संघांइतकेच महत्त्व अल्पसंख्याकांच्या क्लबांना आहे. १९०९ मध्ये व्हिएन्नातील ज्यूंनी स्थापलेल्या हाकोआ क्लबने १९२५ मध्ये ऑस्ट्रियाची लीग जिंकली. १९३८ मध्ये नात्सींनी तो बंद पाडला. अलीकडच्या काळात हंगेरियनभाषकांचे क्लब बलवान झाले: स्लोव्हाकियातील दुनायस्का स्त्रेदाचा डीएसी, सर्बियातील बाच्का तोपोला आणि रुमानियाच्या सेकेय प्रदेशातला सेप्सी, ज्याने २०२२ व २०२३ मध्ये लागोपाठ रुमानियाचा राष्ट्रीय चषक जिंकला. त्यांच्यामागे हंगेरी सरकारचा पैसा आहे आणि त्यामुळे यजमान देशांत कुरबुर होते. मैदाने आणि अकादमी उभ्या राहिल्या हे खरे, पण या पैशाने त्या समाजाची गाठ बुडापेस्टच्या राजकारणाशी घट्ट बांधली हेही तितकेच खरे. फ्रान्समध्ये असा कोणताच पाठीराखा नव्हता. तरी ३ मे २०१४ रोजी फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात गँगाँ आणि रेन हे दोन्ही ब्रेताँ क्लब आमनेसामने आले आणि पॅरिसजवळच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये ब्रेताँ गीत गायले गेले. गँगाँ हे जेमतेम सात-आठ हजार वस्तीचे गाव. ते २-० असे जिंकले.

संख्येची तुलना केली तर या संघांतली तफावत थक्क करते. रुमानियातील हंगेरियन दहा लाखांच्या आसपास आहेत. उत्तर इटलीच्या डोंगरात सिम्ब्रियन भाषा बोलणारे मात्र काही शेच उरले आहेत. मध्ययुगात बव्हेरियाकडून आलेल्या शेतकऱ्यांची ही जुनी जर्मन बोली आज मुख्यतः लुझेर्न या एका गावात रोजच्या वापरात आहे, आणि त्या गावाची वस्ती तीनशेच्याही आत आहे. मैदानावर अकरा आणि बाकावर काही बदली खेळाडू हवेत, म्हणजे गावातल्या जवळपास प्रत्येक तरुणाला बूट चढवावे लागतात. सिम्ब्रियन संघ युरोपियादात खेळला आहे.